जुना सी कोड नव्या कंपायलरवर: एरर संपल्या, खरा त्रास आता सुरू झालाय

अर्धविराम

मंडळी, जरा सविस्तर लिहितो.

१९९०च्या दशकात लिहिलेला एक सी प्रोग्राम माझ्याकडे आलाय. मोजमापाच्या उपकरणांनी साठवलेल्या बायनरी फाइली वाचायच्या, सोबतची टिपांची टेक्स्ट फाइल वाचायची, हिशेब करायचा आणि तक्ता छापायचा, एवढंच त्याचं काम, आणि ते तो इतकी वर्षं बिनतक्रार करतोय. ज्यांनी लिहिला ते केव्हाच निवृत्त झाले. ३२ बिटी विंडोजवरच्या एका जुन्या कंपायलरने (सोर्स कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाने) तो तयार व्हायचा. आता तोच ६४ बिटी एआरएम बोर्डावर, लिनक्समध्ये, जीसीसी या कंपायलरने तयार करून हवाय.

पहिल्या फेरीत एररची रांग संपता संपेना. 'कोनिओ डॉट एच' हे हेडर लिनक्समध्ये नाही. 'फार' आणि 'ह्यूज' हे १६ बिटी काळातले शब्द अजून डिक्लरेशनांत लटकलेले. एकच ग्लोबल व्हेरिएबल हेडरमध्ये लिहून चार फाइलींत घेतलेलं. हे काम कंटाळवाणं होतं, पण सरळ होतं. कंपायलर ओळ क्रमांक सांगतो, आपण ती ओळ दुरुस्त करतो, पुढे जातो.

त्या सगळ्या संपल्या. प्रोग्राम तयार झाला. वरिष्ठ म्हणाले, "झालं ना मग!" आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. टिपांची फाइल वाचणारं लूप बोर्डावर कधी संपतच नाही. बायनरी फाइलच्या पहिल्याच नोंदीतली तारीख अवाढव्य येते. ती मारून मुटकून बसवली तर तक्त्यातल्या बेरजा शेवटच्या अंकात जुन्याशी जुळत नाहीत, आणि एका ओळीत आकड्याऐवजी 'नॅन' ('हा आकडाच नाही') छापलं जातं. गंमत म्हणजे माझ्या इंटेल लॅपटॉपवर त्याच जीसीसीने तयार केला तर लूप संपतं आणि 'नॅन'ही येत नाही.

एकही एरर नाही. एकही वॉर्निंग नाही. वाचायच्या आणि हिशेबाच्या कोडची एक ओळही बदललेली नाही. सुरुवात कुठून करू?

शून्यसूचक

वॉर्निंग नाही म्हणताय, पण वॉर्निंगचे पर्याय लावलेत का? जीसीसी आपणहून फार थोडं बोलतो. 'वॉल' आणि 'डब्ल्यू-एक्स्ट्रा' दोन्ही लावा, मग बघा.

लूपबद्दल अंदाज बांधतो: कॅरेक्टर वाचून एक बाइटच्या 'चार' (char) प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये ठेवताय आणि त्याची तुलना 'ईओएफ'शी (फाइल संपल्याची खूण) करताय. बरोबर?

अर्धविराम

अगदी तसंच आहे. 'चार सी', मग 'व्हाइल'मध्ये 'गेटसी'ने वाचून 'सी'त टाकायचं आणि 'ईओएफ' नसेपर्यंत फिरायचं. पण हे तर सगळ्यांच्याच जुन्या कोडमध्ये दिसतं!

शून्यसूचक

दिसतं, आणि इंटेलवर निभावतं म्हणून दिसत राहिलं. नुसतं 'चार' म्हटलं की ते चिन्हासकट की बिनचिन्हाचं, हे सी स्टँडर्डने मुद्दाम ठरवलेलं नाही, कंपायलरवर सोडलंय. इंटेलवर ते −१२८ ते १२७ असतं. एआरएम लिनक्सवर ० ते २५५. 'ईओएफ' म्हणजे जीसीसीच्या बाजूला −१. ते बिनचिन्हाच्या 'चार'मध्ये टाकलं की २५५ होतं, आणि २५५ कधीही −१ च्या बरोबरीचं होत नाही. लूप संपेल कसं?

'एफसाइन्ड-चार' हा पर्याय दिला की आज काम चालेल. पण खरं औषध म्हणजे 'सी'ला 'इंट' (मोठा, चिन्हासकट पूर्णांक) करा. 'गेटसी' मुळात 'इंट'च परत देतं, ते याचसाठी.

तळटीप

तारखेचं माझ्याकडून. नोंदीचा 'स्ट्रक्ट' (तिच्या फील्डांचा आराखडा) इथे टाका, आणि तो फाइलमधून कसा वाचला जातो तेही सांगा. अख्खा 'स्ट्रक्ट' एका 'एफरीड'मध्ये (फाइलमधून सलग बाइट वाचणारं फंक्शन) उचलत असाल तर दुखणं तिथेच आहे.

अर्धविराम

शून्यसूचक, 'इंट' केलं, लूप थांबलं. मनापासून आभार.

तळटीप, हो, एकाच 'एफरीड'मध्ये. फाइलच्या सुरुवातीला ६४ बाइटचं हेडर, मग एकामागून एक नोंदी. नोंदीत 'लाँग' (पूर्णांक) तारीख, 'चार' प्रकार, 'डबल' (दशांश) मूल्य. बस.

तळटीप

६४ बिटी लिनक्सवर 'लाँग' ८ बाइटचा असतो. विंडोजवर तो ३२ बिटीतही ४ बाइट आणि ६४ बिटीतही ४ बाइटच. तुमची तारीख चारऐवजी आठ बाइट गिळते आहे. वरच्या चार बाइटांत प्रकार आणि मूल्याचा तुकडा शिरतोय, म्हणून ती अवाढव्य. तिथे 'इंट३२_टी' लिहा, तो कुठेही ४ बाइटचाच.

(अवांतर: अशा कोडमध्ये 'लाँग' शोधायला बसाल तेव्हा 'प्रिंटएफ'मधले 'पर्सेंट एल-डी'सुद्धा बघा. प्रकार बदलला आणि फॉरमॅट तसाच राहिला तर नवा घोळ.)

अर्धविराम

बदललं. आता पहिल्या नोंदीची तारीख आणि प्रकार बरोबर येतात, पण मूल्य कचरा. दुसऱ्या नोंदीपासून तारीखही कचरा. मी हिशेब केला: ४ बाइट तारीख, १ प्रकार, ३ रिकामे (मूल्य ८ च्या पटीत बसावं म्हणून कंपायलर सोडतो ते पॅडिंग), ८ मूल्य, एकूण १६. जीसीसीसुद्धा 'साइझऑफ' १६ च सांगतोय. मग बिनसलं कुठे?

तळटीप

जीसीसीला विचारू नका, फाइलला विचारा. ज्या फाइलमध्ये किती नोंदी आहेत हे नक्की माहीत आहे, अशी एखादी घ्या आणि तिचा बाइटमधला आकार सांगा.

अर्धविराम

१००० नोंदींची चाचणीची फाइल आहे. आकार १३,०६४ बाइट.

तळटीप

६४ हेडरचे काढा, उरले १३,०००. नोंदीला १३ बाइट. म्हणजे जुन्या कंपायलरने मध्ये एकही रिकामा बाइट सोडलेला नाही: ४ अधिक १ अधिक ८. म्हणूनच तुमची पहिली तारीख आणि प्रकार जागेवर आले, आणि मूल्य सहाव्या बाइटपासून सुरू व्हायच्या ऐवजी नवव्यापासून वाचलं गेलं.

कोडमध्ये कुठे 'प्राग्मा पॅक' नसेल तर जुनी मेकफाइल (प्रोग्राम कसा तयार करायचा ते लिहिलेली फाइल) किंवा प्रोजेक्ट फाइल उघडा. तिथे एक बाइट अलाइनमेंटचा, म्हणजे रिकामे बाइट न सोडण्याचा, पर्याय दिलेला सापडेल.

अर्धविराम

सापडला! प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये होता. सोर्स मला मिळाला तेव्हा त्यासोबत ती फाइल कुणी दिलीच नव्हती, जुन्या मशीनवरून आता शोधून काढली.

तळटीप

अशा वेळी माझा जीव तुटतो. जुन्या प्रोग्रामचा सोर्स जपून ठेवतात आणि मेकफाइल टाकून देतात. कंपायलरला दिलेला प्रत्येक पर्याय हा त्या प्रोग्रामचाच भाग असतो. अलाइनमेंट, 'चार'चं चिन्ह, 'ईनम'चा आकार, या गोष्टी सोर्समध्ये कुठेच लिहिलेल्या नसतात, आणि त्या बदलल्या की प्रोग्रामचा अर्थ बदलतो.

आता उपाय. 'स्ट्रक्ट'ला 'पॅक्ड' लावला तर लगेच चालेल, पण मी तसं करणार नाही. पॅक केलेल्या 'स्ट्रक्ट'मधल्या 'डबल'चा पत्ता घेऊन तो दुसऱ्या फंक्शनला दिला तर ते फंक्शन पत्ता ८ च्या पटीत आहे असं धरून चालतं, आणि काही प्रोसेसरांवर प्रोग्राम तिथेच कोसळतो. जीसीसी ९ पासून याची वॉर्निंग मिळते. त्यापेक्षा १३ बाइटचा बफर वाचा आणि 'मेमकॉपी'ने एकेक फील्ड बाहेर काढा. दहा ओळींचं काम आहे, आणि उद्या तिसरा कंपायलर आला तरी ते बिघडणार नाही.

पानगळ

मी कॉलेजात आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर समजून घ्या. जीसीसीला जुनं स्टँडर्ड वापरायला सांगता येतं ना? 'जीएनयू८९' वगैरे. तसं सांगितलं की जुनं वागणं परत येत नाही का?

शून्यसूचक

प्रश्न अगदी योग्य आहे. भाषेचे नियम परत येतात. तेही काही कमी नाही, कारण अलीकडे कंपायलर कडक झालेत. क्लँग या दुसऱ्या कंपायलरची आवृत्ती १६ (२०२३) आणि जीसीसी १४ (२०२४) पासून आधी डिक्लेअर न करता फंक्शन वापरलं की थेट एरर. जीसीसी १० (२०२०) पासून हेडरमधलं ते चार ठिकाणी उगवणारं ग्लोबल व्हेरिएबल लिंक होत नाही. अर्धविराम यांना तेच भेटलं. आणि जीसीसी १५ (२०२५) आपणहून सी२३ (सीचं नवं स्टँडर्ड) धरतो, तिथे 'बूल', 'ट्रू', 'फॉल्स' हे भाषेचेच शब्द झाले. जुन्या कोडमध्ये लोकांनी स्वतःचा 'बूल' टाइपडेफ केलेला असतो, तो आपटतो. रिकाम्या कंसांचाही अर्थ बदलला. पूर्वी 'इंट एफ' आणि पुढे रिकामे कंस म्हणजे "आर्ग्युमेंटं किती ते सांगत नाही", आता म्हणजे "एकही नाही". कॉलबॅकांनी भरलेला जुना कोड यामुळे जागोजाग अडतो.

पण 'जीएनयू८९' लावून 'लाँग' ४ बाइटचा होत नाही, 'चार'चं चिन्ह फिरत नाही, पॅडिंग जात नाही, आणि ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा कंपायलरचा भाग) १९९५ सालचा होत नाही. अर्धविराम यांना छळणारं सगळं या दुसऱ्या यादीतलं आहे.

आणि एक कळकळीची विनंती: डिक्लेअर न करता वापरलेल्या फंक्शनची एरर पर्याय देऊन दाबू नका. ते फंक्शन पॉइंटर (मेमरीतला पत्ता) परत देत असेल तर कंपायलर त्याला 'इंट' समजतो, ६४ बिटी पत्त्याचा वरचा अर्धा भाग कापला जातो, आणि पत्ता खालच्या २ जीबीत असेपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. चाचणीत चालतं. मोठा डेटा आला की पडतं.

रानवारा

मला इथे थोडं वेगळं मांडायचंय. सगळे प्रतिसाद "कोडच चुकीचा होता" या सुरात चाललेत. ज्यांनी तो लिहिला त्यांच्यासमोर एकच कंपायलर होता, त्याचं छापील मॅन्युअल होतं, आणि त्या मॅन्युअलप्रमाणे कोड बरोबर होता. सीचं पहिलं एएनएसआय स्टँडर्ड १९८९चं. त्याच्या आधीचा केवढा तरी कोड फक्त "आमचा कंपायलर असं करतो" यावर उभा आहे. त्यांना दोष देणं मला पटत नाही.

आणि आजच्या ऑप्टिमायझरबद्दल तर मला खरोखर राग आहे. ओव्हरफ्लो (आकडा व्हेरिएबलमध्ये न मावणं) होतोय का हे बघायला जुने लोक लिहायचे: 'ए अधिक १००' हे 'ए'पेक्षा लहान आहे का? जुन्या मशीनवर आकडा फिरून ऋण व्हायचा आणि तपासणी चालायची. आजचा कंपायलर म्हणतो, चिन्ह असलेल्या पूर्णांकाचा ओव्हरफ्लो म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर (स्टँडर्डने अर्थच न ठरवलेली गोष्ट), तो होतच नाही असं मी धरतो, म्हणजे ही अट कधीच खरी नाही, म्हणजे ती काढून टाकतो. सुरक्षेसाठी लिहिलेली ओळ नाहीशी! आणि एक शब्द सांगत नाही.

तळटीप

रानवारा, लेखकांना दोष न देण्याबद्दल पूर्ण सहमत. पण ऑप्टिमायझरची बाजूही ऐका. तोच नियम असल्यामुळे लूपमधला 'इंट' इंडेक्स कधी उलटा फिरणार नाही असं धरून कंपायलर तो ६४ बिटी रजिस्टरमध्ये ठेवू शकतो, आणि ॲरेवर चालणारी लूप वेगवान होतात. हा फायदा खराच आहे.

रानवारा

फायदा आहे, पण तो नव्या कोडला. जुन्याची किंमत कोण मोजतं? लिनक्स कर्नलचंच बघा. २००९मध्ये त्याच्या 'टन' या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल (कुठलाच पत्ता नसलेला) आहे का हे पुढच्या ओळीत तपासलं होतं. कंपायलरने विचार केला, वापरलाय म्हणजे नल नसणारच, आणि तपासणी उडवली. त्यातून सुरक्षेचं भगदाड पडलं. त्यानंतर कर्नल ही सूट बंद करूनच तयार होतो. स्ट्रिक्ट अलायसिंग (वेगळ्या प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेकडे बोट दाखवत नाहीत असं धरणं) तर कर्नलवाल्यांनी कधी मान्यच केलं नाही, 'एफ-नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग' कायम लावलेलं असतं. कर्नल लिहिणाऱ्यांना जे परवडत नाही ते अर्धविराम यांनी एकट्याने का सोसायचं?

शून्यसूचक

हा मुद्दा मान्य. जुना कोड नेताना मीही पहिल्या दिवशी तीन पर्याय लावतो: स्ट्रिक्ट अलायसिंग बंद, ओव्हरफ्लोसाठी 'एफ-रॅप-व्ही', आणि नलची तपासणी काढू नये यासाठी 'एफ-नो-डिलीट-नल-पॉइंटर-चेक्स'. वेग थोडा जातो, पण जुन्या कोडला तो वेग कधी लागलाच नव्हता. मग 'यूबीसॅन' आणि 'ॲड्रेस सॅनिटायझर' (प्रोग्राम चालताना चुका पकडणारी साधनं) लावून चाचण्या चालवायच्या, जे सापडेल ते दुरुस्त करायचं, आणि पर्याय काढायचे की ठेवायचे ते शेवटी ठरवायचं.

खटपट्या

एम्बेडेडवाल्यांचा अनुभवही नोंदवतो. आमच्याकडे आर्म कंपायलर ५ वरून ६ वर जायचं होतं. नाव तेच, नंबर एकाने पुढे, पण आतून दुसराच कंपायलर: ६ हा क्लँग आणि एलएलव्हीएमवर उभा आहे. कोडमधली असेंब्ली पुन्हा लिहावी लागली, कारण तिची लिहायची पद्धतच वेगळी. ते अपेक्षित होतं.

अपेक्षित नव्हतं ते असं. डिस्प्लेच्या चिपला सूचना पाठवल्यावर थोडं थांबावं लागतं, म्हणून कुणीतरी रिकामं 'फॉर' लूप दहा हजार वेळा फिरवलं होतं. नव्या कंपायलरला त्या लूपमध्ये काहीच काम दिसलं नाही, त्याने ते काढून टाकलं, आणि डिस्प्ले कोरा. दुसरीकडे इंटरप्टमध्ये बदलणारा फ्लॅग मुख्य लूप बघत बसतं, पण फ्लॅगला 'व्होलटाइल' (दर वेळी मेमरीतूनच वाच, अशी सूचना) नाही. कंपायलरने तो एकदा रजिस्टरमध्ये घेतला आणि पुन्हा मेमरीत बघितलंच नाही. यंत्र गोठलं. ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवलं की दोन्ही व्यवस्थित चालायचं, पण तेव्हा कोड फ्लॅशमध्ये मावायचा नाही.

जुनीवही

फोर्ट्रानवाल्या मंडळींची दुःखं यापेक्षा वेगळी नाहीत, म्हणून लिहिते.

जी७७ हा जीसीसीमधला फोर्ट्रान कंपायलर आवृत्ती ३.४ पर्यंत होता. २००५मध्ये जीसीसी ४.० आला आणि त्याची जागा जीफोर्ट्रानने घेतली. त्या काळात आणि नंतरही एकच दुखणं पुन्हा पुन्हा पाहिलं. सबरूटीनमधलं लोकल व्हेरिएबल पुढच्या कॉललाही आपली किंमत धरून ठेवेल, या भरवशावर कोड लिहिलेला असतो. फोर्ट्रान ७७ मध्ये त्यासाठी 'सेव्ह' लिहावं लागतं. पण अनेक जुने कंपायलर सगळी लोकलं कायमच्या जागेत ठेवायचे, सुरुवातीला तिथे शून्यही असायचं, म्हणून 'सेव्ह' न लिहिताच सगळं चालायचं. नवा कंपायलर ती स्टॅकवर ठेवतो. शून्यापासून मोजणारा काउंटर कचऱ्यापासून मोजायला लागतो. 'एफ-नो-ऑटोमॅटिक'ने जुनं वागणं परत आणता येतं. मात्र त्यावर कुणी ओपनएमपी (काम अनेक थ्रेडांत वाटायची सोय) लावायला गेलं की हीच कायमची जागा सगळ्या थ्रेडांची सामाईक होते, आणि तिथे वेगळीच लढाई सुरू होते.

अजून एक, ज्याला एरर येत नाही असं: डायरेक्ट ॲक्सेस फाइल उघडताना दिलेलं 'रेकएल', म्हणजे रेकॉर्डची लांबी. इंटेलचा फोर्ट्रान ते मुळात ४ बाइटच्या एककात धरतो, जीफोर्ट्रान बाइटमध्ये. एकाच आकड्याचे दोन अर्थ. जुन्या फाइली वाचायला गेलं की पहिलं रेकॉर्ड बरोबर वाटतं आणि दुसऱ्यापासून सगळं सरकलेलं. अर्धविराम यांच्या १३ बाइटांसारखंच, फाइलचा आकार भागून बघितला की उलगडतं.

पानगळ

पास्कलमध्येही असतं का असं? काकांचा टर्बो पास्कलमधला प्रोग्राम आहे, तो फ्री पास्कलवर न्यायचा विचार आहे.

जुनीवही

असतं. टर्बो पास्कलचा 'रिअल' ६ बाइटचा होता. फ्री पास्कलमध्ये 'रिअल' म्हणजे आज बहुतेक ठिकाणी ८ बाइटचा 'डबल'. काकांच्या प्रोग्रामने रेकॉर्ड थेट फाइलमध्ये लिहिलेली असतील तर आधी ती फाइल वाचून बदलणारा छोटा प्रोग्राम लागेल. आणि 'इंटिजर' १६ बिटी होता, फाइलींसाठी 'स्मॉलइंट' वापर.

अर्धविराम

एवढं वाचून खूप धीर आला. नोंदी आता जुळल्या. उरलंय ते 'नॅन' आणि शेवटच्या अंकातला फरक. 'नॅन' कुठे येतंय ते शोधलं. 'एक्स'चा वर्ग वजा 'वाय'चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. त्या ओळीत 'एक्स' आणि 'वाय' अगदी समान आहेत, बाइट न् बाइट तपासले. समान आकड्यांच्या वर्गांची वजाबाकी शून्य सोडून दुसरं काही येईलच कसं?

शून्यसूचक

येतं. हा या धाग्यातला सगळ्यात सुंदर बग आहे, नीट समजून घ्या.

६४ बिटी एआरएममध्ये गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत करायची सोय असते, एफएमए. तिचं वैशिष्ट्य असं की आतला गुणाकार गोल केला जात नाही, गोल करणं शेवटी एकदाच. आता तुमची ओळ बघा. कंपायलर आधी 'वाय'चा वर्ग वेगळा काढतो, तो गोल होतो. मग 'एक्स'चा वर्ग वजा तो आकडा, हे एफएमएने. म्हणजे एक वर्ग गोल केलेला, दुसरा न केलेला. फरक शून्याच्या अगदी जवळचा, पण शून्य नाही. वर्ग गोल होताना वर गेला असेल तर फरक ऋण. ऋणाचं वर्गमूळ, 'नॅन'.

साध्या ६४ बिटी इंटेलसाठी तयार केलेल्या कोडमध्ये ही सूचना वापरली जात नाही, कारण ती सगळ्या इंटेल प्रोसेसरांवर नसते. म्हणून लॅपटॉपवर दिसत नाही. जीसीसी असं जोडकाम आपणहून करतो. 'एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट' बंद करा, 'नॅन' जाईल. आणि वर्गांच्या वजाबाकीऐवजी 'एक्स वजा वाय' गुणिले 'एक्स अधिक वाय' लिहिलंत तर पर्याय कुठलाही असो, समान आकड्यांना शून्यच येईल. मी दुसरं करेन.

अर्धविराम

दोन्ही करून पाहिलं. 'नॅन' गेलं! बेरजांतला फरकही कमी झाला, पण गेला नाही.

शून्यसूचक

तो जाणारही नाही. तुमचा जुना प्रोग्राम इंटेलच्या जुन्या एक्स८७ गणिती भागावर चालायचा. तिथली रजिस्टरं ८० बिटी. मधली उत्तरं रजिस्टरमध्ये असेपर्यंत जास्त अचूक, मेमरीत गेली की ६४ बिटी. कुठलं उत्तर कधी मेमरीत जाईल हे त्या कंपायलरच्या त्या आवृत्तीवर अवलंबून. एआरएमवर ते हुबेहूब घडवता येत नाही. 'लाँग डबल' करून पाहावं असं मनात येईल, तर ६४ बिटी एआरएम लिनक्सवर तो १२८ बिटी असतो आणि सॉफ्टवेअरने चालतो. हळूही, आणि आकडे तिसरेच.

तळटीप

इथे एक गोष्ट आधी करा आणि मग पुढचं. ज्यांना हे तक्ते लागतात त्यांच्याशी बसून, किती फरक चालेल हे लेखी ठरवून घ्या. तुलना करायच्या आधी. तुलना झाल्यावर ठरवायला बसलात तर जो फरक दिसला तोच "चालतो" असं ठरतं, आणि त्याच्याआड खरा बग लपतो. हे मी होताना पाहिलंय.

जुनी मशीन चालू आहे तोवर तिच्यावर जमतील तितक्या फाइली चालवून घ्या. नुसते तक्ते नकोत, मधली उत्तरंही छापून ठेवा: वाचलेली नोंद, तपासणीनंतरची नोंद, बेरजेआधीचे आकडे. मग फरक कोणत्या टप्प्यावर सुरू होतो ते लगेच कळतं.

खटपट्या

तळटीप यांना +१. आणि ऑप्टिमायझेशनमुळे बिघडतंय अशी शंका आली तर अर्ध्या फाइली 'ओ-शून्य'ने (ऑप्टिमायझेशन बंद) आणि अर्ध्या 'ओ-दोन'ने कंपाइल करून एकत्र लिंक करा. बिघाड कुठल्या अर्ध्यात आहे ते बघा, त्याचे पुन्हा दोन भाग. शेकडो फाइली असल्या तरी थोड्याच फेऱ्यांत एका फाइलवर येता. मग त्या फाइलमधलं एकेक फंक्शन. डिबगरमध्ये शिरण्याआधी हे करावं, ऑप्टिमाइझ झालेल्या कोडमध्ये डिबगर ओळींवरून उड्या मारतो आणि माणूस भरकटतो.

रानवारा

माझ्याकडून एक भर. एकाच फंक्शन कॉलच्या कंसात दोनदा 'पुढचा आकडा वाच' असं लिहिलेलं कुठे आहे का ते शोधा. आर्ग्युमेंटं कुठल्या क्रमाने काढायची याचं सीमध्ये बंधन नाही. क्लँग सहसा डावीकडून जातो, जीसीसी बऱ्याचदा उजवीकडून. पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी बसतो आणि दोन्ही दिसायला रास्त असतात, त्यामुळे महिनोन्महिने कळत नाही.

अर्धविराम

रानवारा, शोधलं, दोन ठिकाणी होतं. दोन्हीकडे आधी वेगळ्या व्हेरिएबलमध्ये घेतलं.

तळटीप यांच्या सांगण्याप्रमाणे जुन्या मशीनवर सगळ्या उपलब्ध फाइली चालवल्या, फरकाची मर्यादाही ठरली. बहुतेक तक्ते मर्यादेत जुळतात. पण काही ठिकाणी नव्या प्रोग्रामच्या तक्त्यात जुन्यापेक्षा जास्त ओळी येतात! आकडे ठीक दिसतात, पण जुन्यात त्या ओळी नाहीतच. आता जास्तीच्या ओळी आल्या कुठून?

शून्यसूचक

त्या ओळी टिपांच्या फाइलशी निगडित आहेत का? जुन्या तक्त्यातली शेवटची टीप जिथे संपते, तिथला पुढचा बाइट हेक्समध्ये बघून सांगा.

अर्धविराम

एफएफ.

शून्यसूचक

मग जास्तीच्या ओळी आलेल्या नाहीत, जुना प्रोग्राम त्या गाळत होता. तेच 'चार' आणि 'ईओएफ'. जुन्या कंपायलरवर 'चार' चिन्हासकट होतं, त्यामुळे एफएफ (म्हणजे २५५) हा बाइट वाचला की तो −१ व्हायचा आणि प्रोग्रामला वाटायचं फाइल संपली. डॉसच्या ४३७ कोडपेजमध्ये (अक्षरांच्या क्रमांकांच्या तक्त्यात) एफएफ म्हणजे न तुटणारी स्पेस, पडद्यावर साध्या स्पेससारखीच रिकामी दिसते. टिपा लिहिताना कुठून तरी ती आत आली असणार. तिच्यापुढच्या सगळ्या टिपा इतकी वर्षं वाचल्याच गेल्या नाहीत.

अर्धविराम

म्हणजे ज्या तक्त्यांशी मी जुळवत होतो तेच अपुरे होते. आता काय करू? जुन्यासारखं वागायला लावू, की पूर्ण तक्ता देऊ?

तळटीप

हा निर्णय तुमचा नाही, तक्ते वापरणाऱ्यांचा आहे. एफएफ असलेल्या फाइलींची यादी काढा, प्रत्येकीचा जुना आणि नवा तक्ता शेजारी शेजारी ठेवा, आणि गाळलेल्या ओळींमुळे कुठल्या बेरजा बदलतात ते खुणा करून त्यांच्या हातात द्या. ते उत्तर देईपर्यंत जुनी मशीन बंद करू देऊ नका.

अर्धविराम

यादी काढायला घेतली आहे. जुनं मशीन हलवायची तारीख पुढच्या आठवड्यातली होती, ती पुढे ढकलायला आजच मेल केलाय.